दीर्घ पाठ आणि मूळ पाठ : ‘शोले’च्या पुनरुद्धाराच्या निमित्ताने

१

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीचा कापला गेलेला भाग कोठेतरी शिल्लक आहे, अशी वार्ता पसरली की त्या कलाकृतीविषयीचे रसिकांचे प्रेम निराळे वळण घेते. जे पाहिले, ऐकले, मुखोद्गत केले ते अपुरे होते आणि पुरे ते अजून यावयाचे आहे, अशी एक प्रतीक्षा सुरू होते. ‘शोले’ या हिंदी चित्रपटाच्या बाबतीत ही प्रतीक्षा पन्नास वर्षांच्या घरात गेली. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो झळकला, तेव्हा त्याचा शेवट दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी प्रथम चित्रित केलेला शेवट नव्हता. तो पहिला शेवट पूर्ववत जोडलेली, नव्याने सिद्ध केलेली प्रत २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथील चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती भारतातील चित्रपटगृहांत आली. या प्रतीला ‘द फायनल कट’ असे नाव देण्यात आले. ज्या पाठाची ख्याती ‘मूळ’ म्हणून होती, तो अवतरला तेव्हा त्याने ‘अंतिम’ हे नाव धारण केले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये अशी आहे. कारण मूळ काय आणि अंतिम काय, हाच येथील खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ चित्रपटवेड्यांच्या कुतूहलाचा नाही. ग्रंथसंपादनाच्या शास्त्रात पाठनिश्चितीची जी तत्त्वे प्रस्थापित झाली आहेत, त्यांची कसोटी येथे एका नव्या माध्यमात लागते. जुन्या मराठी ग्रंथांच्या संहितांचा प्रश्न ज्या नागपूर-विदर्भात इतक्या आस्थेने अभ्यासला गेला, तेथील अभ्यासकांनी या प्रश्नाकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे : दीर्घ पाठ तोच मूळ पाठ, हे रसिकांचे गृहीत कितपत टिकते, आणि न टिकल्यास पुनरुद्धाराकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी, हे तपासणे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत ‘मूळ’ हा शब्द निदान तीन अर्थांनी येतो. ‘मूळ पुरुष’ म्हणताना कालदृष्ट्या आद्य असा अर्थ असतो. ‘मूळ हेतू’ म्हणताना कर्त्याच्या मनातील, परिस्थितीने न बदललेले असे अभिप्रेत असते. आणि ‘मूळ रक्कम’ म्हणताना वजावट होण्यापूर्वीचे, अखंड असे सुचवावयाचे असते. चित्रपटाच्या ‘मूळ प्रती’विषयी जेव्हा रसिक बोलतात, तेव्हा हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात एकवटलेले असतात : जी प्रत सर्वांत आधीची, तीच दिग्दर्शकाच्या मनातली, आणि तीच सर्वांत लांब. तीन स्वतंत्र विधाने येथे एका विशेषणाच्या आधाराने उभी राहतात, आणि त्यांपैकी एक सिद्ध झाले की उरलेली दोन सिद्ध झाल्यासारखी वाटू लागतात.

पुनरुद्धार या क्रियेसाठीही मराठीत एक शब्द रूढ नाही. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द देवळावरून आला. देवळाच्या जीर्णोद्धारात ढासळलेल्या दगडाच्या जागी नवा दगड बसविला तरी देवत्वाला बाध येत नाही; तेथे वास्तूचे चालू राहणे महत्त्वाचे असते. ‘पाठशुद्धी’ हा शब्द पोथीवरून आला. तेथे नवा शब्द घालणे हा दोष, आणि घालावाच लागला तर तो कंसात दाखविणे हे संपादकाचे कर्तव्य. चित्रपटाच्या बाबतीत या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात. झिजलेल्या फितीवरील ओरखडे पुसणे, उडालेले रंग परत आणणे हा जीर्णोद्धार होय. गाळलेला प्रवेश परत जोडणे ही पाठशुद्धी होय. पहिल्या कामाचे यश सांधा न दिसण्यात असते, दुसऱ्याचे प्रामाण्य सांधा दाखविण्यात असते. या दोहोंची गल्लत झाली की मतभेद सुरू होतात.

३

हस्तलिखितांच्या परंपरेत पाठचिकित्सकाचा अनुभव असा की ग्रंथ काळाबरोबर वाढतो. नकलकार टीप लिहितो, पुढचा नकलकार ती संहितेत घेतो; कीर्तनकार एखादी ओवी जोडतो, श्रोत्यांना ती आवडते आणि ती पोथीत जाऊन बसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे असलेले संकट हेच होते, आणि ग्रंथात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये असा इशारा त्यांना द्यावासा वाटला तो याच अनुभवातून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सुरू केली व १९६६ साली पूर्णत्वास नेली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. एखादा भाग काही प्रमाण शाखांत आढळतो आणि काहींत आढळत नाही, तर तो मागाहून आलेला असण्याचा संभव अधिक. म्हणून ती आवृत्ती प्रचलित महाभारतापेक्षा आकाराने बरीच लहान झाली. सारांश, पोथीच्या जगात दीर्घ पाठ संशयास्पद असतो.

चित्रपटाच्या जगात गती उलट आहे. येथे भर घालणारा नकलकार नसतो, कात्री लावणारे अनेक असतात. परिनिरीक्षण मंडळ कापते, निर्माता कापतो, वितरक दिवसाचे खेळ बसविण्यासाठी कापतो, चित्रपटगृहाचा चालक रात्रीचा शेवटचा खेळ वेळेत संपावा म्हणून कापतो, आणि प्रक्षेपकात अडकून तुटलेली फीत जोडताना आणखी काही चौकटी गळतात. प्रत जितकी फिरते तितकी ती आखूड होते. त्यामुळे लांब प्रत सापडली की ती मुळाच्या अधिक जवळची असणार, हा रसिकांचा तर्क निराधार म्हणता येत नाही. पोथीत भर पडते, फितीत घट होते. दोन्ही ठिकाणी चिकित्सक मुळाकडेच निघालेला असतो. एकाला त्यासाठी वगळावे लागते, दुसऱ्याला शोधून जोडावे लागते.

परंतु हा तर्क एका अटीवर खरा आहे. लांब प्रतीतून काही वजा होऊन आखूड प्रत झालेली असली पाहिजे. आखूड प्रतीत असे काही असेल की जे लांब प्रतीत नाहीच, तर तेथे वजाबाकीचा हिशेब चालत नाही. ‘शोले’ हे याचे उत्तम उदाहरण आहे.

४

‘शोले’चा पाठेतिहास थोडक्यात असा. जी. पी. सिप्पी निर्मित व सलीम-जावेद लिखित हा चित्रपट पूर्ण झाला तेव्हा देशात आणीबाणी लागू होती. तिची घोषणा २५ जून १९७५ ची. प्रथम चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर बलदेव सिंग हा हात गमावलेला माजी पोलीस अधिकारी खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बर सिंगला तुडवतो व त्याचा अंत करतो. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे परिनिरीक्षण मंडळाला मान्य झाले नाही. तेव्हा नवा शेवट चित्रित करण्यात आला. त्यात ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. याखेरीज हिंसेचे काही तपशील गाळण्यात आले. इमामाचा तरुण मुलगा अहमद (ही भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली होती) याच्या हत्येचा भाग त्यांपैकीच होय.

प्रदर्शनानंतर सुमारे पंधरा वर्षे प्रेक्षकांसमोर हाच सुधारलेला पाठ होता. १९९० साली इंग्लंडमध्ये निघालेल्या चित्रफितीतून पहिला शेवट बाहेर आला. पुढे तबकड्यांवर दोन्ही पाठ उपलब्ध झाले : एक सुमारे २०४ मिनिटांचा, दुसरा सुमारे १९८ मिनिटांचा. म्हणजे दीर्घ पाठ अगदी अज्ञात होता असे नाही. एखाद्या पंथाची पोथी हातोहात फिरावी तसा तो धूसर प्रतींतून फिरत होता. रसिकांची आशा तो मोठ्या पडद्यावर, स्वच्छ चित्रात, अधिकृतपणे पाहण्याची होती.

या दोन पाठांत आणखी एक भेद होता, आणि तो लांबीचा नव्हता. चित्रपट ३५ मिलिमीटरच्या फितीवर चित्रित झाला व नंतर ७० मिलिमीटरवर वाढविण्यात आला. असे करताना जवळजवळ चौरस असलेली चौकट रुंद करावी लागली. अर्थात वरचा व खालचा काही भाग गेला. दीर्घ पाठाच्या तबकडीत ही चौकट पूर्ण उंचीची होती, संक्षिप्त पाठाच्या तबकडीत रुंद. मिनर्व्हात ज्यांनी ७० मिलिमीटरचा भव्य पट पाहिला, त्यांनी चित्राची उंची गमावून रुंदी मिळविली होती. ज्या गावांत तसे प्रक्षेपक नव्हते, तेथे ३५ मिलिमीटरच्या प्रती गेल्या. म्हणजे एकाच वर्षी एकाच चित्रपटाचे प्रेक्षक गावागणिक निरनिराळ्या चौकटी पाहत होते. यांपैकी ‘मूळ’ चौकट कोणती? कॅमेऱ्याने टिपलेली, की कर्त्यांनी भव्य प्रदर्शनासाठी योजलेली? २०२५ च्या प्रतीत रुंद चौकट स्वीकारण्यात आली. शेवट निवडताना परिनिरीक्षणापूर्वीचा पाठ प्रमाण मानला गेला, चौकट निवडताना प्रदर्शनाच्या वेळचा. दोन्ही निर्णयांचे समर्थन होऊ शकते. पण ते एकाच अर्थाच्या ‘मूळ’ या शब्दाने होत नाही.

या पुनरुद्धाराची सामग्री पाहिली म्हणजे संपादकाची अडचण अधिक स्पष्ट होते. फिल्म हेरिटेज फाउंडेशन व सिप्पी फिल्म्स यांनी हे काम हाती घेतले तेव्हा कॅमेऱ्यातील मूळ नेगेटिव्ह अतिशय खराब झालेली आढळली, आणि ७० मिलिमीटरची एकही प्रत शिल्लक नव्हती. लंडन व मुंबई येथील साठ्यांत मिळालेल्या मधल्या पिढीच्या प्रतींवरून बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. पोथीच्या भाषेत सांगावयाचे तर स्वहस्तलिखित नष्टप्राय, आणि संपादन दुय्यम प्रतींवरून. सुखटणकरांनी महाभारताच्या बाबतीत आपण व्यासांची मूळ संहिता देत आहो असा दावा केला नाही. उपलब्ध प्रतींच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागे जाणे एवढेच त्यांनी आपले ध्येय मानले. चित्रपटाच्या पुनरुद्धाराने हीच भाषा वापरली तर ती अधिक यथार्थ होईल.

५

आता अंतर्गत पुरावा पाहू. दोन शेवटांपैकी कोणता शेवट संविधानकातून उगवतो आणि कोणता बाहेरून येतो?

‘शोले’ची रचना एका वचनावर उभी आहे. गब्बरला जिवंत पकडून आपल्या स्वाधीन करावे, अशी ठाकूरची मागणी आहे, आणि जयने तसा शब्द दिला आहे. जयच्या मृत्यूनंतर संतप्त वीरू गब्बरला मारावयास सिद्ध होतो, तेव्हा ठाकूर त्याला त्या शब्दाची आठवण देतो आणि वीरू माघार घेतो. मित्राच्या मृत्यूपेक्षा मित्राचे वचन मोठे ठरते. हा क्षण पुढील क्षणाची मागणी करतो : ज्याच्यासाठी वचन पाळले त्याने ते भोगावे. शिवाय हात आणि पाय यांची एक प्रतिमामालिका चित्रपटभर चालते. छाटलेले हात शालीखाली झाकलेले असतात. ते नाहीत हे प्रेक्षकाला उशिरा कळते. हातांचे काम पाय करतील याची सूचना संवादांतून आधीच पेरलेली असते. खिळ्यांचे जोडे हे या मालिकेचे अखेरचे पद होय. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत, बीज जेथे पेरले तेथूनच फलागम व्हावा ही अपेक्षा पहिल्या शेवटात पुरी होते.

दुसऱ्या शेवटात पोलिसांचे आगमन आकस्मिक आहे. त्याची पूर्वसूचना कथानकात नाही. त्यात एक तर्कदोषही राहतो. गब्बरला ठाकूरने पूर्वी एकदा कायद्याच्या स्वाधीन केलेच होते. तो तुरुंगातून निसटला आणि त्यानेच ठाकूरच्या कुटुंबाचा नाश केला. त्याच कायद्याच्या हाती त्याला पुन्हा सोपविल्याने कथा जेथून सुरू झाली तेथेच परत येते. इतक्यावरून निर्णय करावयाचा तर पहिल्या शेवटाकडे कौल जातो.

परंतु दुसरा शेवट अर्थशून्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ठाकूर हा केवळ सूडाने पेटलेला बाप नाही. तो एके काळचा अधिकारी आहे. पोलिसांच्या आगमनाने त्याची ती विस्मृत ओळख त्याला परत मिळते, आणि पाय उगारलेला माणूस पाय मागे घेतो. पहिल्या शेवटात सूड पुरा होऊन पोकळी उरते, दुसऱ्यात सूड अपुरा राहून संयम उरतो. दोन निरनिराळ्या शोकभावना येथे आहेत. दुसरी सक्तीतून जन्मली, हे तिच्या उगमाविषयीचे सत्य झाले. तिच्या कलात्मक मूल्याचा निर्णय त्यावरून आपोआप होत नाही. शिवाय ती सक्तीने का होईना, त्याच दिग्दर्शकाने, त्याच नटांकडून चित्रित करून घेतली. परक्या नकलकाराचा तो प्रक्षेप नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा प्रक्षेप व मूळ यांतील भेद नसून एकाच कर्त्याचे दोन पाठ आहेत, आणि दीर्घ पाठात लघु पाठ सामावलेला नाही. एक स्वीकारला की दुसरा गमवावा लागतो.

अहमदच्या प्रसंगाने तर दीर्घ पाठाच्या कैवाऱ्यांना विचारात पाडले पाहिजे. सर्वांना परिचित असलेल्या पाठात अहमद गब्बरपुढे आणला जातो. गब्बर पहुडलेला आहे, त्याच्या हातावर एक मुंगी चालते आहे. तो ती चिरडतो. त्यानंतर घोड्यावरून अहमदचे शव गावात येते. मधले काही दिसत नाही. वधाचे दर्शन टाळून त्याचे सूचन करावे, हा भरतप्रणीत संकेत येथे परिनिरीक्षकांच्या कात्रीमुळे का होईना पाळला गेला, आणि प्रसंगाची भीषणता त्याने वाढली. मुंगी आणि मनुष्य यांत गब्बरला भेद वाटत नाही, हे जे ध्वनित होते, ते प्रत्यक्ष छळाच्या चित्रणाने अधिक ठसले असते असे मानण्यास आधार नाही. शेवटाच्या बाबतीत कात्रीने संविधानकाची हानी केली असेल. येथे तिने ध्वनीचा लाभ करून दिला. तेव्हा कापलेले ते सर्व श्रेष्ठ, हा नियम एकाच चित्रपटाच्या दोन स्थळी तपासला तरी टिकत नाही.

६

‘शोले’चा आणखी एक पाठ आहे, आणि त्याचा विचार केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. तो म्हणजे लोकांच्या कानांत व जिभेवर वसलेला पाठ. पॉलिडोर कंपनीने या चित्रपटाच्या संवादांची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती घरोघर, हॉटेलांत, उत्सवाच्या मंडपांत वाजू लागली. चित्रपटातील गीतांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय होणे ही जुनी गोष्ट. गद्य संवाद पद्यासारखे पाठ होणे ही नवी. गब्बरच्या तोंडची खडी बोली व अवधी यांची मिसळ, मौसीचे तिरकस बोलणे, तुरुंगाधिकाऱ्याचा पढिक आविर्भाव, हे सारे त्या त्या व्यक्तिरेखेच्या भाषिक खुणांसह लोकांनी उचलले.

नागपूर आणि विदर्भ यांच्या दृष्टीने या घटनेला विशेष अर्थ आहे. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला, तरी चित्रपट वितरकांच्या परिभाषेत हा मुलूख त्यानंतरही ‘सी. पी. बेरार’ याच नावाने ओळखला गेला. एका विसर्जित प्रांताचे नाव व्यवसायाच्या बोलीत टिकून राहिले. या द्वैभाषिक प्रदेशात मराठीभाषक मनुष्याला हिंदी संवाद परका वाटला नाही. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या माणसाने त्यातील वाक्ये अवतरणे म्हणून न वापरता वाक्प्रचार म्हणून वापरली. कोणी बोलले याची आठवण न ठेवताही ती वापरता येऊ लागली. मजकूर म्हण होण्याच्या वाटेवर लागतो तो असा.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात येते. लोकस्मृतीत जे प्रसंग रुजले, ते जवळजवळ सर्व दोन्ही पाठांत समान आहेत. पाठभेद आहे तो मुख्यतः दृश्य भागात, आणि त्यातही शेवटी. श्राव्य पाठ स्थिर राहिला, दृश्य पाठ बदलला. म्हणूनच पन्नास वर्षांनी शेवट पालटला तरी लोकांच्या ‘शोले’ला धक्का बसत नाही, आणि म्हणूनच शेवट पालटल्याने लोकांचा ‘शोले’ अधिक पूर्णही होत नाही. जी वस्तू रसिक शोधत होते ती, आणि जी त्यांनी आधीच जपली होती ती, या दोन निरनिराळ्या होत्या.

या संदर्भात विदर्भाच्याच मातीतील एका ग्रंथाचे स्मरण उपयुक्त ठरेल. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे खलजी आक्रमणाच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. अनुयायांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. हिराइसेचा पाठ निराळा, इतरांचे निराळे. अशा स्मृतिजन्य पाठभेदाला त्या परंपरेत ‘वासना’ हा शब्द आढळतो. मूळ वस्तू गेल्यावर मनावर उरलेला तिचा संस्कार, असा भाव या एका शब्दात सामावला आहे. ह. ना. नेने व वि. भि. कोलते यांच्यासारख्या नागपूरच्या संशोधकांना या ग्रंथाचे संपादन करताना एका ‘मूळ’ पोथीची प्रतीक्षा करीत बसणे शक्य नव्हते. उपलब्ध पाठ तपासणे आणि भेदांची नोंद ठेवणे, हाच मार्ग होता. तेथे स्मृती हाच पुरावा होता. चित्रपटाच्या बाबतीत फीत मिळाली की स्मृतीचे काम संपले असे मानण्याकडे कल असतो. वास्तविक लोकांच्या मनात राहिलेला पाठ हाही कलाकृतीच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे.

७

परदेशांतील दोन उदाहरणे या प्रश्नाच्या दोन टोकांवर उभी आहेत. ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या १९४२ च्या चित्रपटाची चाळीस मिनिटांहून अधिक लांबी निर्मितिसंस्थेने त्यांच्या अनुपस्थितीत कापली आणि नवा शेवट जोडला. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होते. तेथे पाठविलेली एक प्रत कधी तरी मिळेल या आशेवर अभ्यासकांनी शोध घेतला, पण ती हाती आलेली नाही. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या मूकपटाचा गाळलेला बराच भाग मात्र २००८ साली ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयातील एका १६ मिलिमीटरच्या प्रतीत आढळला, आणि २०१० साली तो जोडून चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. नव्याने मिळालेला भाग ओरखड्यांनी भरलेला व आकाराने किंचित लहान होता. पुनरुद्धारकांनी तो उरलेल्या चित्रात बेमालूम मिसळून टाकला नाही. कोणता भाग कोठून आला हे प्रेक्षकाला पडद्यावरच कळते. चिकित्सक आवृत्तीतील कंस आणि तळटीप यांचे काम तेथे ओरखड्यांनी केले आहे.

मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय असलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची अवस्था याहून बिकट आहे. दादासाहेब फाळके यांचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सुमारे १,४७५ फूट आले. परंतु हा भाग तरी १९१३ चा आहे काय? फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उपलब्ध रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही इतिहासकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरले, तर आद्य भारतीय चित्रपट म्हणून जो वारंवार दाखविला जातो, तो आद्य नव्हे. कर्त्याचाच दुसरा पाठ आहे. ‘शोले’च्या प्रेक्षकाला दोन पाठांतून निवड करावयाची आहे. फाळक्यांच्या अभ्यासकाला हाती आलेल्या तुकड्याला कोणत्या नावाने हाक मारावी हेच प्रथम ठरवावयाचे आहे.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची फार मोठी सामग्री भस्मसात झाली. जो चित्रपट लोकप्रिय, ज्याचे वारस समर्थ आणि ज्याच्या प्रती देशोदेशी गेलेल्या, त्याचा दीर्घ पाठ आज ना उद्या सापडण्याचा संभव राहतो. मराठी मूकपटांना व आरंभीच्या बोलपटांना यांपैकी एकही आधार बहुधा नव्हता. म्हणून पुनरुद्धाराच्या आनंदोत्सवात लोकप्रियता हाच जतनाचा निकष ठरू लागला, तर वाङ्मयाच्या इतिहासात जे घडले असते तेच येथे घडेल. ज्यांच्या पोथ्या घरोघर होत्या तेवढेच कवी उरले असते.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की दीर्घ पाठ हा मूळ पाठ असण्याचा संभव चित्रपटाच्या बाबतीत पोथीपेक्षा अधिक असला, तरी तो संभवच आहे. प्रत्येक स्थळी अंतर्गत व बाह्य पुराव्याने त्याची परीक्षा झाली पाहिजे. जेथे वजाबाकीऐवजी अदलाबदल झाली आहे, तेथे दीर्घ पाठ लघु पाठाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा असा की ‘शोले’चा पहिला शेवट संविधानकाच्या दृष्टीने अधिक सुसंगत आहे, आणि तो सुस्थितीत प्रेक्षकांसमोर आला हे इष्टच झाले. परंतु १९७५ चा प्रदर्शित पाठही तितक्याच काळजीने जतन झाला पाहिजे. आणीबाणीच्या काळात परिनिरीक्षणाने कलाकृतीवर काय परिणाम केला, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. कात्रीचा व्रण पुसून टाकला तर कात्री चालली होती हेही पुढील पिढीला केवळ ऐकीव राहील. ‘अंतिम’ म्हणून एकच पाठ चलनात राहिला आणि दुसरा हळूहळू दुर्मीळ झाला, तर पन्नास वर्षांनंतर रसिकांची नवी पिढी त्या दुसऱ्याचा ‘हरवलेला मूळ पाठ’ म्हणून शोध घेऊ लागेल, ही शक्यता काल्पनिक नाही.

तिसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयी आहे. चित्रपटाच्या पाठचिकित्सेला लागणारी साधने फितीपुरती मर्यादित नाहीत. परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील लांबीच्या नोंदी, प्रदर्शनाच्या वेळी विकल्या गेलेल्या गीतांच्या पुस्तिका, वृत्तपत्रांतील जाहिराती, संवादांच्या ध्वनिमुद्रिका, पटकथांच्या टंकलिखित प्रती आणि ज्यांनी चित्रपट पहिल्या आठवड्यात पाहिला अशा प्रेक्षकांच्या आठवणी, ही सारी साधने पाठभेदांच्या नोंदीसाठी उपयोगी पडतील. ‘शोले’साठी ध्वनिमुद्रित झालेली एक कव्वाली कधी चित्रितच झाली नाही. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसांत प्रतिसाद मंद दिसताच जयला जिवंत ठेवणारा शेवट करावा काय, असाही विचार कर्त्यांच्या मनात आला होता. हे भाग कोणत्याच फितीत मिळणार नाहीत. ते केवळ अशा परिघावरील साधनांतून कळतात. रसिकांनी न झालेल्याची आशा धरू नये आणि झालेल्याचा विसर पडू देऊ नये, यासाठी अशा नोंदींचा उपयोग आहे.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला या कामात नवे शिकावयाचे फार थोडे आहे. एका पोथीला अंतिम न मानता सर्व पोथ्या समोर मांडाव्यात, भेद लपवू नयेत, स्वीकारलेल्या पाठाचे कारण सांगावे आणि नाकारलेला पाठ तळटीपेत जिवंत ठेवावा, ही शिस्त त्याला पूर्वीपासून परिचित आहे. मराठी विभागांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पाठचिकित्सा शिकविताना पोथ्यांच्या जोडीने फितींचाही विचार होऊ लागला, तर ज्या थोड्या जुन्या मराठी चित्रपटांच्या एकाहून अधिक प्रती अद्याप शिल्लक आहेत, त्यांच्यातील भेद त्या नष्ट होण्यापूर्वी नोंदविले जातील.